टीबी गेला, दम राहिला!

दादर स्टेशनचा पूल. सकाळची पावणेनऊची वेळ, मागून गर्दीचा रेटा आणि मी मधल्याच पायरीवर कठडा धरून उभा. मागचे काका करवादले, "अरे चल ना! एवढा तरणाबांड पोरगा!" त्यांना काय सांगणार? टीबी बरा होऊन दोन वर्षं झाली, तरी दम लागतोच.

सहा महिने गोळ्या अगदी न चुकता घेतल्या. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आईनं पेढे वाटले. शेजाऱ्यांना कारण सांगितलं, प्रमोशन! ऑफिसात तर मी कावीळ झाल्याची थाप मारली होती.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खोकला सुरू झाला आणि माझं धाबं दणाणलं. एका डॉक्टरांनी एक्स-रेवरचे डाग पाहिले आणि थेट टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्यांनी आधी थुंकी तपासली, जुना एक्स-रे शेजारी धरला. जंतू नव्हतेच, डागही जुनेच. मग त्यांनी मला एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं. हीच स्पायरोमेट्री. फुफ्फुसांची ताकद बरीच कमी भरली.

फंडा साधा आहे. औषधानं जंतू मरतात, पण त्यांनी केलेली मोडतोड भरून निघतेच असं नाही. फुफ्फुसात व्रण राहतात. काही श्वासनळ्या अरुंद होतात, काही कायमच्या रुंदावतात आणि त्यात कफ साचतो. पोकळी राहिली तर तिथे बुरशी वाढू शकते, खोकल्यातून रक्तही पडू शकतं. टीबीतून वाचलेले साडेपंधरा कोटी लोक 2020 साली जगात होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. आणि जगातल्या टीबीच्या दर चार नव्या पेशंटांपैकी साधारण एक भारतातला. म्हणजे त्या पुलावर थांबणारा मी एकटा नक्कीच नाही!

माझ्यापुरता उपाय म्हणजे इन्हेलर, श्वासाचे व्यायाम, रोज चालणं आणि सिगरेटला कायमचा रामराम. तुमचा कोर्स संपत आला असेल, तर डॉक्टरांकडे स्पायरोमेट्रीचा विषय जरूर काढा. शेवटचा एक्स-रे जपून ठेवा. रक्त पडलं तर लगेच दवाखाना गाठा.

परवा ऑफिसची लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर मी टेकलोच. सोबतची कलीग हसली, "काय रे, म्हातारा झालास?"

"टीबी झाला होता मला. कावीळ नव्हती ती."

ती क्षणभर गप्प. मग हळूच म्हणाली, "आता लागण होते का रे?"

"नाही गं. जंतू गेले, फक्त दम राहिलाय."

उरलेले दोन मजले आम्ही सावकाश चढलो. मीटिंगला उशीर झाला, पण या वेळी थाप मारावी लागली नाही.