आधी आला त्याचे पाणी?

अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्यांना 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली. ती मुळात तिथल्या आदिवासींची होती आणि पुढे पुढे तर तिच्यावर पुरेसा पाऊसही पडत नव्हता. कोरड्या मुलखात एकर मोजू नका, पाणी मोजा, असे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 मध्येच बजावले होते. तिकडे मात्र ‘आधी आला त्याचा पाण्यावर पहिला हक्क’ हाच दंडक रुजला. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा समजून घ्यायचा तर याच दंडकापासून सुरुवात करावी लागते.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा दगडी बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्याला पाणी पुरवणारे दारणा धरण 1916 चे. इथून निघालेले डावा आणि उजवा कालवा कोपरगाव-राहात्याच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात जातात. पाट आला, पण जिरायतीत वाढलेल्या शेतकऱ्याला बागायत ठाऊक नव्हती. ती आणली सासवडच्या माळ्यांनी. नीरेच्या पाटावर उसात हात बसलेली ही माणसे खंडाने जमिनी घेऊन इथे आली. इथले खरे पायोनियर तेच. पण सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहिला, आणि मालक ऊस शिकला तसा त्यांचा खंड संपत गेला. आधी येण्याने इथे कुणाला कायमचा हक्क मिळाला नाही.

बंधाऱ्याचे काम साठवण्यापेक्षा पाणी अडवून पाटात वळवण्याचे. पुढचे सगळे पाटकऱ्याच्या, म्हणजे पाटावरच्या सरकारी कर्मचाऱ्याच्या, हाती. शेतकरी पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज भरतो, आवर्तन सुटते, पाटकरी पाळीप्रमाणे चारीचे दार उचलतो. पाणी टेलपासून हेडकडे द्यायचे, म्हणजे शेवटच्याचे रान आधी भिजले पाहिजे, असा दंडक आहे. पाण्याची धाव मात्र उलटी: हेडचा शेतकरी रात्री दार धरून बसला की टेलच्या चारीत नुसता ओलावा पोहोचतो. आधी आला त्याचा हक्क कागदावर नसला, तरी उतार तो रोज बहाल करतो. पाटकऱ्याची नोकरी म्हणजे त्या उताराशी झगडा.

बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि तिथे पाणथळ झाली. पक्ष्यांमुळे 2020 मध्ये तिला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून मान मिळाला. पक्ष्यांचे भले झाले, पण साठा घटला. वरच्या धरणांवर नाशिक शहर आणि उद्योगांचा वाटा वाढला. खाली मराठवाड्यातले पैठणचे जायकवाडी धरण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत 65 टक्के भरले नाही, तर वरून पाणी सोडावे लागते. लाभक्षेत्रातला शेतकरी विचारतो, शंभर वर्षे पाट आमचा, मग आमचे पाणी का सोडता? प्रश्न खोटा नाही. त्याची बाग खरी आहे आणि तोटाही खरा आहे. पण पाट सरकारी पैशाने झाला तो दुष्काळ निवारणासाठी, आणि दुष्काळ पैठणच्या खालीही पडतो. ज्या तत्त्वाने कोपरगावला पाणी मिळाले, त्याच तत्त्वाने ते मराठवाड्याला द्यावे लागेल. त्याआधी गळके पाट दुरुस्त करा, पाणी मोजून द्या आणि पाटकऱ्यांच्या रिकाम्या जागा भरा. टेलच्या शेताला पाणी पोहोचले तरच वाटप न्याय्य झाले म्हणायचे.