खेळा आणि कमवा – पण पैसे देतं कोण?

गेल्या नाताळात आम्ही भोपाळहून वसईला आजीकडे गेलो होतो. तिथे माझ्या मावसभावाने फोनमध्ये एक जुना गेम उघडून दाखवला. स्क्रीनवर एक रंगीत घोडा उभा होता. 2021 च्या शेवटी दादाने तो 38 हजारांना घेतला होता. निम्मे पैसे शिकवण्या घेऊन साठवलेले, निम्मे मावशीकडून उसने. रोज दोन तास खेळायचं आणि महिन्याला आठ-दहा हजार सुटणार, असा हिशेब होता. प्रत्यक्षात हातात आले सगळे मिळून चार हजारांच्या आसपास. आज त्या घोड्याला कोणी गिऱ्हाईकच नाही.

एवढं सांगून दादा म्हणाला, “आता एक नवीन गेम आलाय. ह्या वेळी वेगळं आहे म्हणतात. तुला काय वाटतं?”

मी साहित्याची विद्यार्थिनी, काय सांगणार? तेव्हा गप्प बसले. पण भोपाळला परत आल्यावर बरंच वाचलं. आपल्या हॉस्टेलमध्येही असे गेम खेळणारे आहेत, म्हणून जे समजलं ते इथे मांडते.

हा प्रकार काय आहे?

ब्लॉकचेन म्हणजे हिशेबाची एक वही. ती कुणा एकाच्या कपाटात नसते. तिच्या प्रती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर असतात, त्यामुळे कुणी एकट्याने गुपचूप खाडाखोड करू शकत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीच्या मालकाचं नाव असतं, तसं ह्या वहीत गेममधल्या घोड्याच्या, तलवारीच्या किंवा प्लॉटच्या मालकाचं नाव असतं. जिंकलं की गेम टोकन देतो. ते टोकन बाजारात विकून खरे रुपये मिळवायचे. ह्यालाच ‘प्ले-टू-अर्न’ म्हणतात.

ह्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’. व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीचा गेम. त्यात ‘अ‍ॅक्सी’ नावाचे छोटे प्राणी झुंजवायचे आणि ‘एसएलपी’ हे टोकन कमवायचं. सुरुवातीला तीन अ‍ॅक्सी विकत घ्यावे लागायचे. 2021 मध्ये, कोविडच्या काळात, फिलिपिन्समध्ये काम गेलेल्या अनेकांचं घर ह्या गेमवर चाललं. त्या जुलैत एका एसएलपीचा भाव 25 रुपयांच्या घरात होता. वर्षभरात तो एका रुपयाच्याही खाली आला.

ज्यांना तीन अ‍ॅक्सी परवडत नसत, त्यांना दुसरा कुणीतरी वापरायला द्यायचा आणि कमाईतला हिस्सा घ्यायचा. देणारा ‘मॅनेजर’, खेळणारा ‘स्कॉलर’ आणि ह्या व्यवहाराचं नाव ‘स्कॉलरशिप’! आपल्याकडे जमीन कसायला देऊन पिकाचा वाटा घेण्याला बटाई म्हणतात. शब्द बदलला की व्यवहार किती सोज्वळ दिसतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी नोंदवून ठेवावं.

भाव का पडला?

आपला बडा तालाब डोळ्यांसमोर आणा. कोलांस नदीचं पाणी तलावात येतं. पावसाळ्यात तलाव भरला की भदभदाचे दरवाजे उघडतात आणि जास्तीचं पाणी निघून जातं. समजा, पाऊस चालूच आहे आणि दरवाजे मात्र गंजून अडकलेत. मग काय होईल?

अ‍ॅक्सीत तेच झालं. लाखो लोक रोज खेळत होते आणि रोज नवे टोकन तयार होत होते. टोकन खर्च व्हायला मोठी वाट एकच होती: दोन अ‍ॅक्सींपासून तिसरा जन्माला घालणं. हा तिसरा अ‍ॅक्सी विकत कोण घेणार? गेममध्ये नव्याने येणारा खेळाडू. म्हणजे जुन्याची कमाई नव्याच्या प्रवेशावर उभी होती. नवे येत राहिले तोवर भाव टिकला. येणाऱ्यांचा वेग कमी झाला आणि तलाव तुंबला. शिवाय अ‍ॅक्सी म्हातारे होऊन मरत नाहीत, त्यामुळे प्राण्यांचीही गर्दी झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये कंपनीने टोकन मिळण्याचे काही मार्ग बंद केले, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

पुढच्याच महिन्यात ह्या गेमच्या ‘रोनिन’ नेटवर्कवर दरोडा पडला. व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊ चाव्यांपैकी पाच चोरांच्या हाती लागल्या आणि 60 कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाच्या ‘लाझरस’ टोळीचं नाव घेतलं. गेम हॅकिंगमुळे बुडाला असं बरेच जण सांगतात, पण एसएलपीचा भाव त्याच्या आधीच कोसळला होता.

भिशी बरी!

आपल्या आई-मावशांची भिशी आठवा. दहा जणी महिन्याला हजार-हजार टाकतात, दर महिन्याला एकीला दहा हजार मिळतात. पैसे वाढत नाहीत, फक्त फिरतात. आणि भिशीला कुणी ‘कमाई’ म्हणत नाही. प्ले-टू-अर्नमध्येही बरेचसे पैसे असेच फिरत होते. वर कंपनी आपला कट काढून घ्यायची आणि प्रत्येकाला सांगितलं जायचं की तू कमावतोयस. सगळेच टाकलं त्यापेक्षा जास्त काढायला आले असतील, तर हिशेब जुळणार कसा?

ह्याचा एक भाऊ पुण्याच्या पोलिसांनी पाहिलाय. ‘गेनबिटकॉइन’ हा काही गेम नव्हता. ‘बिटकॉइन द्या, 18 महिने दरमहा 10 टक्के परतावा घ्या’ अशी ती योजना होती. 2017 च्या सुमारास नवे लोक कमी झाले. मग बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं घरचंच नाणं लोकांच्या हातावर ठेवलं गेलं आणि त्याला फारशी किंमत नव्हती. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी अटका केल्या, पुढे तपास सीबीआयकडे गेला. प्रत्येक गेम अशी फसवणूक असतो असं मी म्हणत नाही. पण आपलंच नाणं छापून आपलंच देणं भागवणाऱ्याकडे दोनदा बघावं, एवढं नक्की.

मग टिकतं काय?

दोष एकट्या ब्लॉकचेनचाही नाही. 2012 मध्ये ‘डायब्लो 3’ ह्या गेममध्ये खऱ्या पैशांचा लिलाव-बाजार सुरू झाला होता. तिथे ब्लॉकचेन नव्हतीच. तरी लोक राक्षस मारायचे सोडून बाजारातच रमू लागले. खेळाची मजा जाते म्हणून कंपनीनेच मार्च 2014 मध्ये तो बाजार बंद केला.

उलट ‘बीजीएमआय’ बघा. आपल्या वर्गातली मुलं त्यात बंदुकीच्या रंगासाठी पैसे मोजतात आणि ते परत मिळतील अशी अपेक्षाही ठेवत नाहीत. पिक्चरचं तिकीट काढावं तसा तो खर्च असतो. गेम अशा लोकांवर जगतो. कमवायला आलेल्यांना पैसे मिळायचे असतील, तर नुसत्या मजेसाठी पैसे घालवणारेही तिथे भरपूर हवेत. प्ले-टू-अर्नने नेमकं त्यांनाच बोलावलं नाही.

आपला कायदाही लक्षात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर बंदी आणली आणि त्यात पैशांच्या बदल्यात घेतलेली टोकनही ‘पैसे लावणं’ ह्यात धरली आहेत.

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नवीन गेमला तीन प्रश्न विचार. मला मिळणारे पैसे नेमके कुणाच्या खिशातून येतात? नवीन माणूस येणं उद्या थांबलं तर काय होईल? आणि एक रुपयाही मिळणार नसेल, तरी हा गेम मी खेळेन का?

तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल खेळ. फक्त ते दोन तास खर्चाच्या रकान्यात लिही. आणि मावशीचे पैसे आधी परत कर.