वरवट बकाल ते क्रॉफर्ड मार्केट : बाजाराचे प्रेक्षणीय होणे

अरबीत 'बक्ल' म्हणजे भाजीपाला आणि तो विकणारा 'बक्काल'. जुन्या मराठीत या शब्दाचे 'बकाल' असे रूप झाले आणि त्याचा अर्थ वाणी, म्हणजे किराणा व धान्य विकणारा दुकानदार, असा रूढ झाला. आज मात्र 'बकाल' म्हटले की गलिच्छ, ओंगळ वस्तीच डोळ्यांसमोर येते. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल या गावाच्या नावात हाच शब्द आजही नांदतो आहे. दुकानदार आणि गलिच्छपणा या दोन अर्थांमध्ये जे अंतर आहे, तेच एकोणिसाव्या शतकातील नगररचनेने बाजाराच्या बाबतीत ओलांडले, कारण उघड्यावर भरणारा बाजार म्हणजे रोगराईचे घर, असे मानून त्याला दगडी छपराखाली आणण्याचा उद्योग त्या काळी शहरोशहरी सुरू झाला.

मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट हे या विचाराचे ठळक उदाहरण होय. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही इमारत १८६९ साली पूर्ण झाली. तिचा आराखडा विल्यम इमर्सन यांनी केला आणि प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पे जे. जे. कला विद्यालयातील शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांनी घडवली. गव्हाच्या शेतात राबणारे शेतकरी हा त्या शिल्पांचा विषय आहे. पिवळसर कुर्ला दगड, त्याला वसईच्या तांबड्या दगडाची जोड, उंच घड्याळी मनोरा आणि आत कारंजे, असा थाट भाजीबाजाराला तोवर लाभलेला नव्हता. १८८२ साली तेथे विजेचे दिवेही लागले. स्वातंत्र्यानंतर या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले.

मार्च १९९६पर्यंत फळांचा घाऊक व्यापार, म्हणजे गाड्यांनी येणाऱ्या मालाची अडत्यांमार्फत होणारी ठोक विक्री, मुख्यतः येथेच चाले. त्यानंतर तो नवी मुंबईत वाशी येथील बाजार समितीच्या आवारात गेला. मागे किरकोळ विक्री उरली. हापूसच्या हंगामातील पेट्या आजही गाळ्यांवर लागतात, परंतु त्यांच्याशेजारी सुका मेवा, परदेशी चॉकलेटे, सौंदर्यप्रसाधने आणि पाळीव पक्षी यांची दाटी झाली आणि कॅमेरा घेऊन फिरणारा पाहुणा हाही या बाजाराचा नेहमीचा घटक बनला.

हे स्थलांतर ज्या कायद्याच्या चौकटीत घडले, तिची मुळे वऱ्हाडात आहेत. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात मिळावा, या हेतूने १८८६ साली कारंजा येथे नियमित बाजार, म्हणजे वजन, भाव आणि अडत यांवर अधिकृत देखरेख असलेला बाजार, स्थापन झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. महाराष्ट्राचा १९६३चा कृषी उत्पन्न पणन कायदा हा त्याच परंपरेतला आहे. म्हणजे ज्या प्रदेशात वरवट बकाल वसले आहे, त्या प्रदेशातल्या कापसाच्या बाजारासाठी आखलेली व्यवस्था शंभर वर्षांनी मुंबईच्या फळबाजारापर्यंत पोहोचली आणि तिने घाऊक व्यापार शहराच्या पोटातून बाहेर काढला.

जगातील इतर जुन्या बाजारांची कथाही याच वळणाने गेली आहे. पॅरिसचा ले आल बाजार १९६९ साली रुंजिस येथे हलला, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील फळभाजीबाजार १९७४ साली नाइन एल्म्सला गेला, आणि तोक्योच्या त्सुकिजी येथील घाऊक मासळीबाजार २०१८ साली तोयोसूला नेण्यात आला. कॉव्हेंट गार्डनची जुनी इमारत १९८० साली दुकाने व खाद्यगृहांसाठी पुन्हा खुली झाली, तर त्सुकिजीच्या बाहेरील गल्ल्यांत पर्यटकांची रीघ टिकून राहिली. बार्सिलोनाच्या ला बोकेरिया बाजारात तर स्थानिक गिऱ्हाइकांना भाजी घेणे कठीण झाल्यामुळे २०१५ साली गर्दीच्या वेळी पर्यटकांच्या मोठ्या गटांना मज्जाव करावा लागला. घाऊक व्यापार जागेवर असताना बाजार गैरसोयीचा, ओला आणि गोंगाटाचा असतो. तो निघून गेला की इमारत मोकळा श्वास घेते आणि तीच पाहण्याजोगी ठरते.

पुण्याच्या मंडईने या प्रक्रियेला एक वेगळा पैलू दिला आहे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने १८८६ साली सुरू झालेल्या या अष्टकोनी इमारतीवर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा आग्रह धरला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला जोतीरावांचेच नाव मिळाले. येथील घाऊक व्यापारही गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी किरकोळ भाजीविक्री टिकून असल्याने वारसा-फेरीतल्या पाहुण्याला आजही मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या पुणेकराला वाट द्यावी लागते.

म्हणूनच बाजार पर्यटनस्थळ झाला की बिघडतो, हे विधान अपुरे ठरते. प्रश्न पाहुणा आल्याचा नसून, त्याच्याआधी कोण निघून गेले याचा आहे. वऱ्हाडातील आठवडी बाजारात शेतकरी आपल्या वांग्या-मिरच्यांच्या ढिगामागे स्वतः बसू शकतो. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीरावांची चिंता ज्या माणसासाठी होती, तो तेथे प्रत्यक्ष दिसतो, पण त्याचे छायाचित्र घ्यायला कोणी येत नाही. त्यांच्याच नावाच्या मुंबईतील मंडईत मात्र पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांना शेतकरी सापडतो तो दरवाजावर, किपलिंगच्या दगडी गव्हात उभा असलेला.