जखमी जवानांची गंगाजळी

येलदरीत पावसाळा लागला की एकच विचारणा सुरू होते: साठा किती झाला? परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरच्या या धरणात सुमारे 934 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. त्यातलं वापरायचं 810 च्या आसपास, उरलेला मृतसाठा. पाऊस चार महिने, तहान बारा महिने, म्हणून हा सगळा हिशेब. जखमी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या तिजोरीचंही असंच आहे. युद्ध झालं की दानाचा पूर येतो. कारगिलच्या वेळी, 1999 मध्ये, गावोगावी मदतफेऱ्या निघाल्या. पण मणक्याला गोळी लागलेल्या जवानाचा खर्च युद्धविरामानंतर सुरू होतो आणि मरेपर्यंत थांबत नाही.

हा खर्च समजून घ्यायला पुण्याजवळचं खडकी पाहावं. इथलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 सालचं. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या जवानांचं हे घर. असे जवान केवळ रणांगणातूनच येतात असं नाही. अपघात आणि पडझडही माणसाला खुर्चीत बसवतात. पाठीवर, कमरेवर जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलत राहायची, कॅथेटर बदलायचा, लघवीच्या संसर्गावर नजर ठेवायची, व्हीलचेअर झिजली की नवी घ्यायची. जोडीला व्यायाम, हातांना काम आणि खेळ. विशीतल्या जवानाला ही सेवा पन्नास वर्षंही लागू शकते.

खडकीतच दुसरी, त्याहून जुनी संस्था आहे: क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी ती 1917 मध्ये मुंबईत सुरू केली; पुढे ती खडकीला आली. शंभरी उलटलेली संस्था दरवर्षीच्या वर्गणीवर टिकत नाही. मागे काहीतरी शिल्लक लागतेच.

पण शिल्लक किती ठेवायची, हे विश्वस्तांच्या मर्जीवर नसतं. आयकर कायद्याने धर्मादाय संस्थांना घालून दिलेलं गणित असं: करसवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के हेतूवर खर्च करा; 15 टक्के मागे ठेवता येतात. त्याहून जास्त साठवायचं तर कशासाठी ते आधी लेखी कळवायचं आणि पाच वर्षांच्या मुदतीत वापरायचं. पैसा ठेवायचा तोही ठरलेल्या जागी: बँकेतल्या ठेवी, पोस्ट, सरकारी रोखे. विश्वस्ताच्या भाच्याच्या धंद्यात नव्हे. शिवाय महाराष्ट्रात नोंदलेल्या न्यासांच्या हिशेबावर धर्मादाय आयुक्तांची नजर असते.

खर्च आणि शिल्लक, दोन्हीकडे तोल जाऊ शकतो. अमेरिकेतल्या वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट या संस्थेवर 2016 मध्ये उधळपट्टीचे आरोप झाले आणि दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांना जावं लागलं. उलट ब्रिटनच्या हेल्प फॉर हीरोज या संस्थेचं उत्पन्न 2020 च्या महामारीत घटलं आणि तिला कर्मचारी कमी करावे लागले. पहिल्या प्रकरणात दात्यांचा विश्वास गेला, दुसऱ्यात सेवा आटली. म्हणून जाणता खजिनदार आधी विचारतो, ‘उद्यापासून एक रुपयाही आला नाही, तर किती महिने पगार, औषधं आणि वीजबिल भागेल?’ तेवढी रक्कम चटकन मोडता येईल अशा ठेवींत ठेवायची. इमारतीचा, यंत्रांचा पैसा वेगळा. आणि कायमनिधीच्या फक्त व्याजाला हात लावायचा.

दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. 1949 पासून चालत आलेल्या या दिवसाच्या निमित्ताने परभणीतही सरकारी कार्यालयांत निधी गोळा होतो. केंद्रातल्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्राला अनुदान जातं. त्यापलीकडे कुणाला थेट संस्थेला द्यायचं असेल, तर धनादेशासोबत दोन ओळींचं पत्र जोडावं. ‘ही रक्कम कायमनिधीसाठी’ असं दात्याने लेखी कळवलं तर मुद्दल राहतं आणि व्याज वापरलं जातं; नाहीतर देणगी त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि 85 टक्क्यांच्या हिशेबात येते. यंदाची औषधं की तीस वर्षांनंतरची, हे त्या दोन ओळी ठरवतात.