घड्याळाला सूज दिसत नाही

"घड्याळात सगळं नॉर्मल दाखवतंय गं, डॉक्टरकडे कशाला जायचं?" बायपासला तीन आठवडे झालेले माझे मामा फोनवर असं म्हणाले, तेव्हा मी ऐकून घेतलं. मग हेच शेजारच्या काकांकडून ऐकलं, मग मैत्रिणीच्या सासऱ्यांकडून. आता ऐकवत नाही.

मामांकडे गेले तर ते पाठीशी दोन उशा घेऊन बसलेले. आडवं झालं की खोकला येतो म्हणाले. मोजा खाली केला, तर इलॅस्टिकच्या जागी खोल वळ. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढतात तो पाय काही दिवस सुजतो, ते एक वेळ ठीक. पण इथे दोन्ही पाय सुजलेले. काट्यावर उभं केलं, तर चार दिवसांत तीन किलो वाढ. मनगटावर मात्र 'सायनस ऱ्हिदम', म्हणजे सगळं आलबेल!

या दोन शब्दांचा अर्थ एवढाच, की ठोके एका लयीत आहेत आणि मिनिटाला साधारण 50 ते 100 च्या दरम्यान आहेत. अंगात पाणी साठतंय का, टाक्यांतून पू येतोय का, हे घड्याळाला कळत नाही. हॉस्पिटलातला ईसीजी 12 लीडचा असतो. घड्याळाचा एकाच लीडचा, तोही तुम्ही बोट लावून धरलेल्या 30 सेकंदांपुरता. हृदयविकाराच्या झटक्याची चिन्हं आपलं घड्याळ ओळखू शकत नाही, हे अ‍ॅपल कंपनीने स्वतःच ईसीजी अ‍ॅपच्या सूचनांत लिहून ठेवलंय. विकणारा नाही म्हणतोय आणि घेणारा हो म्हणतोय, असा हा उलटा व्यवहार.

घड्याळ फेकून द्या, असं मी म्हणत नाही. बायपासनंतर 20 ते 30 टक्के रुग्णांच्या ठोक्यांची लय बिघडते (एट्रियल फिब्रिलेशन). बहुतेकदा ते पहिल्या काही दिवसांत, हॉस्पिटलात असतानाच होतं. पण घरी आल्यावर झालं तर घड्याळ ते पकडू शकतं. त्याचं काम तेवढंच.

मग मोबाइलवरचं पुनर्वसनाचं अ‍ॅप कुचकामी का? तेही नाही. ऑस्ट्रेलियात झटका येऊन गेलेल्या 120 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2014 मध्ये 'हार्ट' या नियतकालिकात ती छापून आली. ही चाचणी बायपासच्या रुग्णांसाठी नव्हती, हे खरं. पण प्रश्न तोच, घरी बसून पुनर्वसन जमतं का? मोबाइलवर कार्यक्रम घेतलेल्यांपैकी 80 टक्क्यांनी तो पूर्ण केला, केंद्रात जाणाऱ्यांपैकी 47 टक्क्यांनी. मात्र त्या मोबाइलच्या पलीकडे माणूस होता, दर आठवड्याला फोन करून विचारपूस करणारा. आपण अ‍ॅप डाउनलोड करतो आणि त्यातली नोंद कोण वाचणार, हे विचारतच नाही. डिस्चार्जच्या दिवशीच विचारा: वजन दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वाढलं, तर कळवायचं कुणाला? छातीत दुखलं, धाप लागली, तर मात्र अ‍ॅप उघडत बसू नका, 108 लावा.

बाकीचे गैरसमज भराभर उरकते. रोज 10,000 पावलं हवीतच? हा आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकताना रूढ झाला, कुठल्या हार्ट सर्जनने दिलेला नाही. अ‍ॅपने वयावरून काढलेली 'टार्गेट' नाडी? ठोके मंद ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी तिथे पोचणारच नाही, उगाच जोर लावू नका. हात वर करायला लावणारे व्यायामाचे व्हिडिओ? छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तुमचं हाड कापलंय हे व्हिडिओला माहीत नसतं. गोळीचा अलार्म बंद केला म्हणजे गोळी घेतली? मामींना विचारा.

शेवटी डॉक्टरांनी मामांची लघवीची गोळी वाढवली, आठवड्याभरात सूज उतरली. अ‍ॅप त्यांनी काढून टाकलं नाही, पण वजन आता कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात, आणि मामी रोज सकाळी त्याचा फोटो काढून हॉस्पिटलच्या सिस्टरना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. परवा उत्तर आलं: "काकू, हे वजन आहे की दुधाचे लिटर? परत पाठवा."