गोल्फचा फटका कीं झोका?

गोल्फ हा खेळ आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरीं खेळला जात असेल, हें आम्ही जाणून आहों. क्रिकेटची बॅट ज्या घरांत नाहीं असें घर विरळा. परंतु गोल्फची काठी म्हटली कीं ती साहेबाची, लष्करी अधिकाऱ्याची किंवा मोठ्या कारखानदाराची, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती अगदींच चुकीची आहे असें नाहीं. कलकत्त्यास १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं साहेब लोकांनीं या खेळाच्या मंडळ्या स्थापिल्या. नाशिकचा प्रकार तर मोठा मौजेचा आहे. ज्या तरुणानें १९०९ सालीं तेथील कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली त्या हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव तेथील मैदानाला दिलेलें आहे. पण टांगेवाल्यापासून वकिलापर्यंत सारें नाशिक त्या मैदानाला आजहि 'गोल्फ क्लब'च म्हणतें! असो. आज या विषयाकडे वळण्याचें कारण इतिहास नसून आमच्याच घरांत घडलेली एक गोष्ट आहे.

सन २०१८ मध्यें आमच्या धाकट्या बंधूंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. पुढें डॉक्टरांनीं त्यांस रोज चालण्याची आज्ञा केली. चालणें हें औषध खरें, परंतु बागेला त्याच त्या फेऱ्या घालून बंधु कंटाळले. "दादा, याच प्रदक्षिणा देवळाला घातल्या असत्या तर पुण्य तरी लागलें असतें," असें ते म्हणूं लागले. तेव्हां परदेशाहून आलेल्या पुतण्यानें आपल्या जुन्या सात काठ्यांची पिशवी आम्हां दोघांच्या हवालीं केली आणि सांगितलें कीं, नऊ होल खेळलें तर तीन-साडेतीन किलोमीटर चालणें होतें, आणि आपण चालतों आहों याची आठवणहि राहत नाहीं. डॉक्टरांची संमति घेऊन सहा महिन्यांनीं बंधूंनीं प्रारंभ केला. त्यांनीं एकट्यानें जाऊं नये म्हणून आम्ही सोबत गेलों. आमचें वय त्या वेळीं एकोणसाठ.

सोबतीला गेलेला मनुष्य सोबतीपुरताच राहिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पहिल्याच दिवशीं आमच्या हातून एक चेंडू असा कांहीं सुरेख गेला कीं आम्ही त्या खेळाच्या पूर्ण आहारीं गेलों. तसा दुसरा चेंडू मात्र पुढें आठ महिने गेला नाहीं! आम्ही पुस्तकें आणविलीं, रात्रीं जागून फोनवर नामांकित शिक्षकांच्या चित्रफिती पाहिल्या आणि एका वहींत नियम उतरून काढले. डोकें हलवूं नये. डावा हात वाकवूं नये. उजवें कोपर अंगाशीं असावें. कंबर आधीं वळावी, खांदा मागून यावा. असे एकंदर सतरा नियम झाले. पिशवी वाहणारा म्हातारा कॅडी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होता, "साहेब, मारूं नका. काठी जाऊं द्या कीं." परंतु तो कांहीं पुस्तक नव्हता, म्हणून आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलें नाहीं.

एका रविवारीं पहिल्याच टीवर, मागें चार मंडळी खोळंबलेलीं असतां, आमची काठी तीन वेळां नुसती हवेंतून गेली. चेंडू जागचा हलला नाहीं. त्यानंतर आमचें डोकें असें फिरलें कीं पुढल्या होलवर बंधु कांहीं सांगत होते तिकडे आमचें ध्यान नव्हतें. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीची कांहींतरी गोष्ट होती. "अरे, जरा थांब, मला कोपर पाहूं दे," असें म्हणून आम्ही त्यांस गप्प केलें. ते जे गप्प झाले ते नऊ होल संपेपर्यंत. पुढल्या रविवारीं त्यांचा फोन आला नाहीं, त्याच्या पुढल्याहि रविवारीं नाहीं. आम्ही चौकशी केली तेव्हां भावजय म्हणाल्या, "दादा, त्यांनीं पुन्हां बागेच्या फेऱ्या धरल्या आहेत. तुमच्याबरोबर गेलें कीं परीक्षेला बसल्यासारखें वाटतें म्हणतात."

या बोलण्यानें आम्ही फार ओशाळलों. ज्यांच्या प्रकृतीसाठीं हा उद्योग आरंभला त्यांसच आम्ही त्यांतून उठविलें होतें. वही मिटली. मनाशीं ठरविलें कीं, एक तर हा खेळ सोडावा, नाहीं तर माणसांत राहून खेळतां येईल असा तो शिकावा.

याच सुमारास आमच्या वाचनांत अर्नेस्ट जोन्स नांवाच्या इंग्रज शिक्षकाचें चरित्र आलें. हा मनुष्य इंग्लंडांत चिझलहर्स्ट येथें गोल्फ शिकविण्याचा व्यवसाय करीत असे. पहिल्या महायुद्धांत तो सैन्यांत गेला आणि १९१६ सालीं फ्रान्सच्या रणभूमीवर बाँबच्या तुकड्यांनीं जखमी होऊन त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. गोल्फच्या सगळ्या पुस्तकांत पायांचें केवढें माहात्म्य! भार या पायावरून त्या पायावर कसा न्यावा यावर प्रकरणेंच्या प्रकरणें लिहिलेलीं. आणि हा गृहस्थ थोड्याच महिन्यांनीं कुबड्यांच्या आधारानें मैदानावर गेला, एका पायावर उभा राहून अठरा होल खेळला, आणि त्यास फक्त ८३ टोले लागले! दोन पाय शाबूत असलेले बहुसंख्य हौशी खेळाडू जन्मभर खेळून तेथवर पोंचत नाहींत.

जोन्सच्या मनांत विचार आला कीं, पाय नसतांना जर हें साधतें, तर तें साधतें कशामुळें? त्यानें काढलेलें उत्तर असें कीं, अंगाचे सारे अवयव हे अनुयायी आहेत. पुढारी एकच, तो म्हणजे काठीचें टोंक. हातांनीं त्या टोंकाला खरा झोका दिला कीं कंबर, खांदे, पाय हे आपापल्या जागीं आपोआप येतात. आणि त्यांस एकेक करून हुकूम सोडूं लागलें कीं झोका मोडतो. पुढें अमेरिकेंत जाऊन त्यानें न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, हिरवळीचें पातेंहि नसलेल्या एका बंद दालनांत, वर्षानुवर्षें हेंच एक तत्त्व शिकविलें. अमेरिकेच्या स्त्रियांचें हौशी अजिंक्यपद १९३२, १९३३ आणि १९३४ अशीं लागोपाठ तीन वर्षें जिंकणारी व्हर्जिनिया व्हॅन वाय ही त्याचीच शिष्या.

त्याचें शिकविण्याचें साधन काय होतें म्हणाल, तर हातरुमालाच्या टोंकाला बांधलेला एक खिशांतला चाकू! आम्हीं चाकूऐवजीं घरांतला किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि तो पंचाच्या कोपऱ्यास बांधला. वाचकांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्यास मैदान लागत नाहीं, फक्त जवळपास मूल अथवा कांचेचें कपाट नसावें. पंचाचें दुसरें टोंक दोन्ही हातांनीं धरून जुडगा लंबकासारखा हलवावा. हात सावकाश आणि एका लयीनें चालले तर पंचा सळईसारखा ताठ राहतो. मध्येंच घाई करून हिसका दिला तर पंचा सैल पडतो आणि किल्ल्या भलतीकडेच जातात. कापडानें कांहीं ढकलतां येत नाहीं, त्यानें फक्त झोका देतां येतो, एवढीच यांतील युक्ति आहे. खेड्यांत पांखरें हांकणाऱ्या पोराच्या हातांतली गोफण ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हें सांगावयास नकोच. आपल्या वाड्यांतल्या झोपाळ्याचेंहि तसेंच. तो परत यावयाच्या आधींच ज्यानें घाईनें ढकलला त्यानें झोका मारला.

गोल्फमध्यें नवशिक्याचें नेमकें हेंच होतें. काठी वर गेली कीं ती परत वळण्यापूर्वींच त्याचा उजवा खांदा चेंडूवर तुटून पडतो. मग काठी बाहेरून आंत अशी तिरकी येते, तिचें तोंड उघडें राहतें, आणि उजव्या हाताच्या मनुष्याचा चेंडू केळ्यासारखा वळून उजवीकडच्या झाडींत शिरतो. दुसरी खोड म्हणजे चेंडूला खालून उचलून वर उडविण्याची. लोखंडी काठीच्या तोंडाला जो कलता उतार असतो तोच चेंडूला वर नेतो. आपण काठी किंचित् उतरत्या अंगानें जाऊं द्यावयाची असते. जो उचलावयास जातो तो जमीन तरी खणतो, नाहीं तर चेंडूच्या डोक्यावर टिचकी तरी मारतो.

आमच्या सतरा नियमांचें काय झालें असतें तें शास्त्रज्ञांनींच दाखवून ठेविलें आहे. कॉक्रन आणि स्टॉब्स या दोघांचा ब्रिटनमधील संशोधनावर आधारलेला ग्रंथ १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. चांगल्या खेळाडूची काठी वरून चेंडूपर्यंत येण्यास पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि चेंडूशीं तिचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन-हजाराव्या भागापुरताच टिकतो. एवढ्या वेळांत मेंदूनें चूक ओळखून ती सुधारण्याचा हुकूम हाताला पोंचविणें केवळ अशक्य. मग सतरा कलमें वाचावयाचीं केव्हां?

तथापि कांहींच शिकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. काठी धरण्याची रीत ही मुद्दाम शिकावीच लागते, आणि ती प्रथम विचित्र वाटते. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर ठेवण्याची जी पकड आज जगभर रूढ आहे, तिचा प्रसार सहा वेळां ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डननें केला. पकड घट्ट नसावी. ओलें कापड न पिळतां नुसतें हातांत धरावें इतपतच असावी. बेन होगन यानें १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत पकडीवर जें लिहिलें आहे तें आम्हांस अजूनहि उपयोगी पडतें. त्याचीं पुढचीं प्रकरणें मात्र, आमच्या मतें, दिवसचे दिवस चेंडू मारणाऱ्यांसाठीं आहेत. भीषण मोटार-अपघातांतून उठून सोळा महिन्यांत अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पुरुषाची चिकाटी रविवारच्या खेळाडूनें अंगीं आणूं पाहणें हें व्यर्थ होय.

आम्हीं मग रोज संध्याकाळीं पंधरा मिनिटें किल्ल्यांचा झोका, आणि आठवड्यांतून एकदां मैदानावर पाय जुळवून, कंबरेइतक्याच उंचीचा अर्धा झोका, एवढेंच चालविलें. पाय जुळविले कीं जोर करतांच तोल जातो, त्यामुळें जोर करण्याची इच्छाच उरत नाहीं. नामांकित खेळाडूंच्या चित्रफिती मोजून पाहणाऱ्यांना असें आढळलें आहे कीं, काठी वर जाण्यास जो वेळ लागतो तो ती खालीं येण्याच्या वेळेच्या सुमारें तिप्पट असतो. आमच्या घरीं तबल्याची आवड असल्यानें आम्हांस हें चटकन् पटलें: तीन मात्रा वर, चौथीला सम.

आणखी एक गोष्ट. होलचे टोले जेव्हां ठरविले जातात तेव्हां प्रत्येक होलला दोन टोले हिरवळीवरच्या चेंडू ढकलण्याचे धरलेले असतात. म्हणजे बहात्तरांपैकीं छत्तीस, निम्मे! आणि हे निम्मे ताकदीचे नव्हेतच. टोकियो ऑलिंपिकमध्यें २०२१ सालीं चौथी आलेली आपली अदिति अशोक ही लांब मारणाऱ्यांत मागेंच होती; तिला तेथवर नेलें तें हिरवळीवरच्या हातानें. हा अभ्यास घरीं होतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. सतरंजीवर फुलपात्र आडवें ठेवून त्यांत चेंडू घालण्याचा सराव केला, तर मैदानावरचें होल परातीएवढें दिसूं लागतें. आमची नात या खेळांत आम्हांस नेहमीं हरविते.

आतां आनंदाविषयीं. एका होलला दहा टोले गेले कीं साऱ्या दिवसाचा विरस होतो, हें दुःख जाणून फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्रज डॉक्टरनें १९३२ सालीं वॉलसी येथें गुण मोजण्याची नवी रीत सुरू केली. खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणें मिळणारी सवलत धरून, ठरलेल्या टोल्यांत होल झालें तर दोन गुण, एक जास्त लागला तर एक, दोन अथवा अधिक लागले तर शून्य. शून्याखालीं कांहीं नाहीं! चेंडू उचलावा, खिशांत घालावा आणि गप्पा मारीत पुढें चालावें. दहा टोल्यांची नामुष्कीहि एका शून्यांत संपते. टोल्यांचा हिशेब ठेवून चिडणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें या डॉक्टरांचें ऋण मानावें.

दोन महिन्यांनीं आम्ही स्वतः बंधूंच्या घरीं गेलों आणि वही न घेतां येण्याचें वचन दिलें. पुढल्या रविवारीं पहाटे दोघे निघालों. आमचा चेंडू फार लांब गेला असें नाहीं, परंतु तो समोर गेला. म्हातारा कॅडी कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त आमच्याकडे पाहून मान हलविली. सहाव्या होलवर आमचा चेंडू गवतांत हरवला आणि आम्ही तो शोधावयास निघालों, तेव्हां बंधु म्हणाले, "दादा, त्या रात्रीं झोंप येत नव्हती म्हणून मी आपल्या जुन्या वाड्यांतलीं बिऱ्हाडें आठवीत होतों. सगळीं आठवलीं, एक सोडून. जिन्याखालच्या खोलींत कोण राहत असे? उठून तुला फोन करावा असें वाटलें होतें. पुढें सांगणारच होतों, पण राहून गेलें."

जिन्याखालच्या खोलींत एक सनईवाले राहत असत. त्यांचें नांव, त्यांचा आंधळा बोका आणि त्यांच्याकडून आम्हीं मागून आणलेली फुटकी सनई, हें सारें सांगतां सांगतां नववें होल केव्हां संपलें तें कळलें नाहीं. चेंडू गवतांतच राहिला.

किल्ल्यांचा जुडगा पंचासकट आमच्या गोल्फच्या पिशवींत होता. कोठीचें कुलूप उघडेना म्हणून घरीं सकाळपासून त्याची शोधाशोध चालली होती, हें आम्हांस परत आल्यावर समजलें.