नाते नसलेल्यांचे सुतक

दूरचा कलावंत वा खेळाडू गेल्यावर परभणीसारख्या शहरातील चाहता नेमके काय करतो?

परभणी : ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लता मंगेशकर यांच्या निधनाची बातमी सकाळी आली आणि त्याच दिवशी सायंकाळी शिवाजी पार्कवर त्यांना शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. परभणीहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. देवगिरी व नंदीग्राम या गाड्यांनी जायचे म्हणजे रात्र प्रवासात जाते आणि दिवसा धावणारी तपोवन एक्स्प्रेस सकाळी नांदेडहून निघून मुंबईत पोहोचते ती रात्री. म्हणजे बातमी ऐकताक्षणी कोणी स्टेशनकडे धावला असता, तरी अंत्यदर्शन त्याच्या नशिबी नव्हतेच. केंद्राने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला, राज्याने सोमवारी सार्वजनिक सुटी दिली. परंतु ज्याच्या घरी हा स्वर चाळीस-पन्नास वर्षे पहाटेच्या चहाबरोबर येत होता, त्याने त्या रविवारी करायचे काय, हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते.

आपल्याकडे मृत्यूनंतरचे सारे विधी नात्यावर उभे आहेत. सुतक कोणी किती दिवस पाळावे, खांदा कोणी द्यावा, दहाव्याला कोणी जावे, याचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. चाहत्याला यात जागा नाही. तो ना सगा, ना सोयरा, ना शेजारी. गेलेल्या माणसाने त्याला कधी पाहिलेलेही नसते. तरीही त्याचे दुःख खोटे म्हणता येत नाही. ज्यांना ते हास्यास्पद वाटते त्यांनी एवढेच आठवून पाहावे, की सख्ख्या चुलत्याचा आवाज आपण वर्षातून किती वेळा ऐकतो आणि रेडिओवरील एखाद्या गायकाचा किती वेळा.

हे नाते जुळले ते प्रामुख्याने रेडिओमुळे, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या या मराठी मंत्र्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली. श्रोत्यांनी मग रेडिओचा काटा लघुलहरींवर, रेडिओ सिलोनकडे वळवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी यांचा आवाज घराघरांत शिरला. श्रोते हातचे निसटत आहेत हे लक्षात आल्यावर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा जन्म झाला. पुढे परभणीलाही स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले आणि पत्राने गाणे मागवून निवेदकाच्या तोंडून आपले नाव व गाव ऐकण्याची हौस येथील श्रोत्यांना घरच्या घरी भागवता आली. ज्या शहरात मोठा गायक क्वचितच फिरकला, त्या शहराने त्याला असे कानांनी आपले केले. सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ९१व्या वर्षी गेले, तेव्हा साठी-सत्तरीतील श्रोत्यांना जे हरवल्यासारखे वाटले ते केवळ एका निवेदकाचे जाणे नव्हते. बुधवारची रात्र, शेजारच्या ओसरीवरचा रेडिओ, पहिल्या पायदानावर कोणते गाणे येणार यावरची पैज, आणि ती पैज लावणारे आज हयात नसलेले थोरले भाऊ, हे सारे त्या बातमीबरोबर एकदमच आठवले. आपण दूरच्याला रडतो तेव्हा त्यात जवळचेही कोणी मिसळलेले असतात, ते असे.

आता बातमी मोबाइलवर येते आणि शोक व्यक्त करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. छायाचित्र, दोन हात जोडलेले, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. या घाईची किंमत नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसली. अभिनेते धर्मेंद्र रुग्णालयात असताना ११ तारखेच्या सकाळी त्यांच्या निधनाचे वृत्त काही माध्यमांनी देऊन टाकले. पत्नी हेमामालिनी व कन्या ईशा देओल यांना ते जाहीरपणे खोडून काढावे लागले. दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र घरी परतले. गावोगावच्या चाहत्यांनी वाहिलेली श्रद्धांजली गुपचूप पुसली. पुढे २४ नोव्हेंबरला, नव्वदीला दोन आठवडे उरले असताना, ते खरोखरच गेले आणि त्याच दिवशी विलेपार्ले येथे अंत्यसंस्कार उरकले. त्या वेळी 'खात्री करून मगच' असा सल्ला जो तो देऊ लागला. 'शोले'ची पन्नाशी त्याच वर्षी साजरी झाली होती. ज्या जयला रडून प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडत, त्याच्या मागे उरणारा वीरू असा दोनदा मरावा, हे त्याच्या चाहत्यांना फारच लागले. आमच्या व्यवसायानेही यात खाली पाहण्यासारखे बरेच आहे. 'काळाच्या पडद्याआड' आणि 'कधीही भरून न निघणारी पोकळी' हे शब्द तर माणूस आजारी पडतो तेव्हापासूनच जुळवून ठेवलेले असतात.

मोबाइलवरचा शोक चोवीस तासांत आपोआप मावळतो. त्यानंतर उरतो तो चौकातला फलक. शहरातील कोणत्याही हमरस्त्यावर नजर टाका. दिवंगत कलावंताचे छायाचित्र मध्यभागी असते, पण सभोवार शोकाकुल मान्यवरांच्या चेहऱ्यांची दाटी इतकी, की निधन नेमके कोणाचे झाले असा प्रश्न परगावच्या माणसाला पडावा. या फलकांविषयी फार आदर बाळगण्याचे कारण नाही. चाहत्याची खरी सोय होते ती गाण्याच्या संध्याकाळी. 'स्वरांजली', 'यादें' अशा नावांनी होणाऱ्या या कार्यक्रमांत बँकेतले कारकून, निवृत्त शिक्षक, औषध दुकानदार गायला उभे राहतात. पूर्वी ऑर्केस्ट्रा होता, आता कराओके आला. त्यामुळे ढोलकी-अकॉर्डियन वाजवणाऱ्यांचा रोजगार बुडाला, मात्र गाणाऱ्यांची संख्या वाढली. सूर कधी हुकतो. पण आवडत्या गायकाला आठवण्याची याहून थेट रीत नाही. त्याचे गाणे काही मिनिटे आपल्या गळ्यात वागवायचे.

कायद्यानेही अशा हौशी रसिकाला एक कोपरा राखून ठेवला आहे, हे आयोजकांपैकी अनेकांना ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सांगते, की हौशी मंडळाने शुल्क न आकारता श्रोत्यांपुढे केलेले गीत-संगीताचे सादरीकरण हा हक्कभंग नव्हे. तिकीट लावले की मात्र परवान्याचा प्रश्न येतो. कवी व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो. 'गीतरामायणा'चेच पाहा. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चालींवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षे मात्र ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, त्यामुळे १९६४ सालापर्यंतच्या तबकड्यांवर आता कंपन्यांचा तसा दावा उरलेला नाही. राहिला ध्वनिवर्धक. तो रात्री दहाला बंद व्हायला हवा, मग गाणे कोणाचेही असो.

मृत्यूची तारीख गाण्याने साजरी करणे परभणीला परके नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येथे हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो. उरूस या शब्दाचा मूळ अर्थच विवाह. संताचा मृत्यू हे परमेश्वराशी मीलन मानायचे, म्हणून त्या तिथीला रडायचे नाही, कव्वाली ऐकायची. या जत्रेत सर्व धर्मांची माणसे वर्षानुवर्षे येत आहेत. लतादीदींचा स्मृतिदिन याच दिवसांत पडतो हा योगायोग. परंतु पुण्यतिथीला मैफल जमवण्यात येथील माणसाला काहीच विसंगत वाटत नाही, ते बहुधा या सवयीमुळे.

याहून खोलवर रुजलेली रीत पाहायची तर एप्रिल महिन्यात, १४ तारखेच्या आगेमागे वस्त्यांतून फिरावे. वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत गिरणीत राबलेले, उशिरा अक्षरओळख झालेले. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यानंतरच्या महिन्यातच, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. आंबेडकरी चळवळीने आणि पंढरीच्या वाटेवरील भाविकांनीही आपापला आवाज एकाच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यावर गमावला. विठ्ठल उमप यांना तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच मृत्यूने गाठले. या तिघांसाठी मराठवाड्यात वेगळी शोकसभा घ्यावी लागत नाही. गायन पार्टी उभी राहते, वामनदादांचे गीत म्हटले जाते, शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येते आणि समोरचा जमाव ते नाव गायकाच्या आधी उच्चारतो. नाममुद्रेची ही युक्ती संतांपासूनची. कवीने आपली आठवण गाण्यातच विणून ठेवायची, म्हणजे ते गाणाऱ्याला त्याला विसरण्याची मुभाच उरत नाही.

खेळाडूंचे तसे नसते. गाणे पुन्हा गाता येते, खेळी पुन्हा खेळता येत नाही. अजित वाडेकर यांनी १९७१ साली आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकून दिली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी ते गेले तेव्हा त्यांच्या नेतृत्वाची आठवण काढणाऱ्या मराठवाड्यातील बहुतेकांनी तो विजय डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. क्रिकेट मराठी घरांत पोहोचले ते बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांच्या धावत्या समालोचनातून. पंडित २०१५ साली गेले. ज्यांच्या शब्दांतून मैदान दिसत होते ते गेल्यावर मैदानावरच्यांची आठवणही आकड्यांपुरती उरते. आणि आकडे मोडले जातात.

खाशाबा जाधव यांच्या बाबतीत तर आकडासुद्धा कामी आला नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. १९९६ साली लिएंडर पेसला पदक मिळेपर्यंत ते एकमेव होते. तोवर १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात खाशाबांचे निधन होऊन बारा वर्षे लोटली होती, आणि मरणोत्तर अर्जुन पुरस्कारासाठी नवे शतक उजाडावे लागले. आता त्यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. हयातीत जे राहिले ते तारखेने भरून निघत नाही. निदान शाळेतल्या मुलांना नाव तरी कळते.

मार्च २०२२ मध्ये शेन वॉर्नचे निधन झाले तेव्हा ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मैदानाबाहेरील त्याच्या पुतळ्यापाशी चाहत्यांनी फुलांबरोबर बिअर, सिगारेटी आणि 'मीट पाय' ठेवले. आपल्याकडे दिवंगताला लगेच देव्हाऱ्यात बसवण्याची घाई. तेथे माणूस होता तसाच आठवला. पण पिंडाला कावळा शिवावा म्हणून मृताच्या आवडीचा पदार्थ पानात वाढणाऱ्या समाजाला ही रीत कळायला जड जाऊ नये.

चाहत्यांची एक नवी जात मात्र हे सारे गणित उलटे करते. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या कित्येकांचा जन्म त्यानंतरचा. तरीही 'अशी ही बनवाबनवी' या १९८८च्या चित्रपटातील संवाद त्यांना तोंडपाठ असतात आणि बेर्डे यांची मुद्रा दिवसातून दहा वेळा मोबाइलवरून इकडून तिकडे जाते. त्यांच्यासाठी हा नट कधी गेलाच नाही, कारण तो जिवंत असताना त्यांनी त्याला ओळखलेलेच नव्हते.

मुंबईत लतादीदींचे स्मारक शिवाजी पार्कवर व्हावे की नाही यावर त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच राजकीय वाद पेटला. खेळाचे मैदान खेळासाठीच राहावे असे अनेकांचे म्हणणे पडले. हृदयनाथ मंगेशकर यांनीही हा वाद थांबवण्याची विनंती केली. अयोध्येत त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, त्यांच्या जन्मदिनी, त्यांच्या नावाच्या चौकात चाळीस फुटी वीणा उभी राहिली. मोहम्मद रफी यांच्या वाट्याला नेमके उलटे आले. १९८० साली मुंबईत भर पावसात त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी अजून सांगितली जाते. जुहूच्या कब्रस्तानात जागा अपुरी पडू लागली तेव्हा, २०१० साली, त्यांची कबर इतर अनेक कबरींबरोबर हटवण्यात आली. मधुबालाची आणि साहिर लुधियानवींचीही त्यांतच. ३१ जुलैला दूरदूरच्या गावांहून जाणारे चाहते जवळच्या नारळाच्या झाडावरून जागेचा अंदाज बांधतात आणि तेथे उभे राहतात.

परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचे नाव लोककलेचे अभ्यासक आजही आदराने घेतात. संबळ, तुणतुणे, दिवटी आणि रात्रभर चालणारे आख्यान. भवानी-रेणुकेचा गोंधळ त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी अंगणे भरत. त्यांना आठवायला रेल्वे पकडावी लागत नाही. लग्नानंतर ज्या घरी गोंधळ घालण्याचा कुळाचार आहे, तेथे अजूनही चौक मांडला जातो, दिवटी पेटते आणि देवतांना त्यांच्या गावांची नावे घेऊन बोलावले जाते.